सातबारा, पासबुक आणि परदेश: खान्देशातून पहिल्यांदाच बाहेर निघालेल्यांसाठी

आखाजीला लेकी माहेरी येतात, तशी आमच्याकडे आणखी एक मंडळी उगवते. दुबई, दोहा, म्युनिक, डॅलसहून सुट्टीवर आलेली मुलं. आठ दिवस आमरस आणि खापरावरची पुरणपोळी झाली की नवव्या दिवशी वडिलांना घेऊन माझ्या ऑफिसात हजर. हातात आयकर खात्याचं पत्र, नाहीतर बँकेने परत केलेला फॉर्म. मी जळगावात करसल्ल्याचं काम करतो. तिकडच्या देशाचा कायदा मोडून अडचणीत आलेला मुलगा वर्षात एखादाच भेटतो. बाकीचे अडकतात ते घरच्याच टोकाला, आणि कारण विचारलं की वडील म्हणतात, ‘आपलंच शे ना, भाऊ.’ खातं आपलंच, शेत आपलंच, भाडं आपल्याच घरात येतं. सगळं खरं. पण आयकर कायदा आणि फेमा, म्हणजे १९९९ चा परकी चलनाचा कायदा, या दोघांनाही घर दिसत नाही. त्यांना एकेकटा माणूस दिसतो आणि तो कुठे राहतो एवढंच दिसतं.

म्हणून निघण्याआधीपासून परत येईपर्यंत काय करायचं ते क्रमाने सांगतो.

तिकीट काढण्याआधी दिवस मोजा

परदेशात गेलात म्हणून आपोआप ‘अनिवासी’ होत नाही. आयकरासाठी १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात तुम्ही भारतात किती दिवस होतात ते बघतात. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाचा त्या वर्षातला भारतातला मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी असेल तर तो अनिवासी. १८२ किंवा जास्त भरले तर निवासी, आणि निवासी माणसाचं जगभरातलं उत्पन्न भारतात करपात्र असतं. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा आयकर कायदा आला आहे, कलमांचे आकडे बदललेत, पण दिवस मोजण्याची ही रीत तीच आहे.

एक हिशेब करून दाखवतो. एप्रिल ते ऑगस्ट हे १५३ दिवस. २८ सप्टेंबरला उडालात तर जाण्याचा दिवस धरून १८१ होतात. २९ ला उडालात तर १८२. एका दिवसाचा फरक, पण २९ ला गेलेल्याचा दुबईतला मार्चपर्यंतचा पगार भारतात करपात्र ठरतो. तिकडे पगारावर कर नाही, त्यामुळे वजावट घ्यायलाही काही नाही. सगळा कर इथेच.

याहून जास्त फसतात ते दिवाळीला परत येणारे. समजा तुम्ही २० सप्टेंबरला गेलात, म्हणजे १७३ दिवस झाले. दिवाळीला १० दिवस आलात की १८३. फराळ महागात पडला. पहिल्या वर्षी घरी येण्याआधी बोटांवर दिवस मोजा, आणि येण्याचा व जाण्याचा असे दोन्ही दिवस धरून मोजा. डिसेंबरात ऑफर आली असेल तर मात्र मोजत बसू नका. ते वर्ष निवासी म्हणूनच जाणार, तीन महिन्यांच्या पगारावरच्या कराची तरतूद करून ठेवा.

शिकायला जाणाऱ्यांना ही १८२ ची सवलत मिळत नाही. त्यांना ६० दिवसांचा नियम लागतो. त्या वर्षात ६० दिवस आणि मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात असलात तर निवासी. बारावी-डिग्री करून थेट निघालेला जवळजवळ प्रत्येक जण यात बसतो. त्याची कमाई शून्य असल्याने बहुतेकदा काही बिघडत नाही, पण तिकडे पार्ट-टाइम काम केलं तर लक्षात असू द्या.

फेमाची मोजणी वेगळी आहे. तो नोकरी, धंदा किंवा अनिश्चित काळासाठी देश सोडला की त्या दिवसापासून तुम्हाला बाहेरचा धरतो. त्यामुळे एकाच वर्षी आयकरासाठी निवासी आणि फेमासाठी अनिवासी असा माणूस असू शकतो. हे गोंधळाचं आहे हे मान्य. बँक आणि जमीन फेमा बघतो, कर आयकर बघतो, एवढं धरून चला.

एजंट, पासपोर्ट आणि आईचा मसाला

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ईसीआर, म्हणजे ‘जाण्याआधी सरकारी परवानगी लागेल’ असा शेरा असतो. असा माणूस आखाती देशांत, मलेशियात वगैरे कामाला जाणार असेल तर ई-मायग्रेट पोर्टलवरून परवानगी घ्यावी लागते आणि एजंट सरकारकडे नोंदलेला असावा लागतो. एजंटने घ्यायची फी कायद्याने ३०,००० रुपये अधिक जीएसटी इतकीच आहे. लाख-दीड लाख मागणारा आणि ‘आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर बदलून देतो’ म्हणणारा दिसला की तिथूनच परत फिरा. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिकडे गुन्हा आहे आणि पकडले जाता ते तुम्ही, एजंट नाही. प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखांचा विमा या मंडळींना सक्तीचा आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. तो काढून पावती घरी ठेवा.

आता मसाला. आपल्या काळ्या मसाल्यात अनेक घरी खसखस असते, अनारशांवर तर असतेच. खसखस युएई, सौदी, कतार आणि सिंगापूरमध्ये बंदी असलेला माल आहे, अमली पदार्थांच्या यादीतला. आईला आधी सांगा, मसाला खसखस न घालता कुटायला. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली खोकल्याची-दुखण्याची औषधंही तशीच. प्रिस्क्रिप्शन असलं तरी आधी परवानगी काढावी लागते.

आणि वर्गणी. युएईत परवान्याशिवाय पैसे गोळा करणं बेकायदा आहे, गणपतीसाठी असो की गावातल्या कुणाच्या ऑपरेशनसाठी. व्हॉट्सअपवर नुसतं आवाहन टाकलं तरी दंड मोठा आहे. द्यायचे असतील तर आपापल्या खात्यातून सरळ गावी पाठवा.

बँकेत जा, निघाल्यावर लगेच

अनिवासी झालात की साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयातलं खातं, करून घ्यावं लागतं. बँक स्वतःहून विचारत नाही, म्हणून लोक दहा-दहा वर्षं तसंच वापरतात. फेमाचा दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. सहसा तिथवर जात नाही, पण खातं गोठलं तरी पुरेसा ताप होतो.

एनआरओ म्हणजे भारतातल्या कमाईची विहीर: भाडं, व्याज, शेतीचा पैसा. तिच्या व्याजावर बँक ३० टक्के आणि वर सेस असा ३१.२ टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापते. यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते, सीएच्या दाखल्यासह. एनआरई खातं मुख्यतः बाहेरून कमावलेल्या पैशांसाठी असतं. त्यावरचं व्याज भारतात करमुक्त आणि सगळी रक्कम कधीही परत नेता येते. दोन्ही काढा. भाड्याचे पैसे एनआरईत भरायचे असतील तर त्यावरचा इथला कर आधी भरलेला असावा लागतो.

एनआरओचा ३१.२ टक्के कमी होऊ शकतो. त्या देशाशी भारताचा दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार असतो. व्याजावर साधारण दर युएईसाठी १२.५, जर्मनीसाठी १०, अमेरिकेसाठी १५ टक्के. त्यासाठी तिथल्या सरकारचा ‘कर-निवासी’ असल्याचा दाखला दरवर्षी लागतो. दाखला न काढता कराराची नुसती आठवण करून दिली तर बँक ऐकत नाही.

पीपीएफ चालू असेल तर मुदत संपेपर्यंत भरता येतं, पुढे वाढवता येत नाही, नवीन उघडता येत नाही. डीमॅट आणि म्युच्युअल फंडाचं केवायसी बदला. अमेरिकेला जाणार असाल तर भारतातले म्युच्युअल फंड तिकडे फार किचकट पद्धतीने करपात्र होतात, निघण्याआधी विकायचे का हे एकदा बसून ठरवा.

घरी पैसे पाठवण्याबद्दल. आई-वडिलांना कितीही पाठवा, त्यांना कर नाही, त्यांनी एफडी केली तर व्याज त्यांचं. बायकोच्या नावावर एफडी केलीत तर व्याज तुमच्या उत्पन्नात धरलं जातं. हे सांगितलं की घरात दोन मिनिटं शांतता होते.

‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ हे आपल्याकडे आता पानटपरीवरही ठाऊक आहे. ती सवलत फक्त निवासींना आहे. अनिवासीला नव्या पद्धतीत ४ लाखांच्या वर कर लागतोच. फॉर्मही साधा आयटीआर-१ चालत नाही.

आता शेत

इथे जरा थांबतो, कारण रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातून येणारी निम्मी प्रकरणं हीच.

अनिवासी माणसाला भारतात शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. एनए (बिगरशेती) प्लॉट, फ्लॅट, गाळा हवा तितका घ्या, पैसे बँकेतून आलेले असले की झालं. शेत नाही. महाराष्ट्रात शेतकरी असल्याशिवाय शेतजमीन घेता येत नाही हे सर्वांना माहीत असतं, म्हणून मुलगा म्हणतो, ‘माझ्या नावावर आधीच सातबारा आहे, मी शेतकरी आहे.’ तो राज्याच्या कायद्यासाठी शेतकरी आहेच. फेमासाठी तो अनिवासी आहे. दोन वेगळे पहारेकरी, दोघांकडूनही सुटावं लागतं.

जाण्याआधी घेतलेली जमीन ठेवता येते. वडिलांच्या पश्चात वारसाने आलेली घेता येते. मृत्युपत्राने आलेलीही घेता येते. पण बक्षीसपत्राने नाही. आणि आपल्याकडे नेमकं तेच होतं. वडील म्हणतात, मी आहे तोवर दोघा भावांच्या वाटण्या करून टाकतो, नंतर भांडण नको. धाकटा अबुधाबीला असतो. दुय्यम निबंधकाकडे बक्षीसपत्र नोंदवलं जातं, फेरफारही होतो, कुणी अडवत नाही. तो मुलगा पुढे पैसे बाहेर न्यायला बँकेत जातो तेव्हा कागद उघडे पडतात. माझ्याकडे आलेल्या अशा एका घरात दोन वर्षं गेली ते निस्तरण्यात. धाकटा बाहेर असेल तर त्याच्या वाट्याचं मृत्युपत्र करा. ते नोंदवणं सक्तीचं नाही, पण नोंदवा.

विकायची असेल तर अनिवासी मालकाने शेतजमीन भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकायची. कुवेतमधला गाववाला मित्र चांगला भाव देत असला तरी त्याला नाही.

कराचं गणित अंतरावर फिरतं. ग्रामीण शेतजमीन ही कायद्याच्या लेखी भांडवली मालमत्ताच नाही, म्हणून तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. ग्रामीण म्हणजे काय? शहराची लोकसंख्या १० हजार ते १ लाख असेल तर हद्दीपासून २ किलोमीटरच्या पलीकडे, १ ते १० लाख असेल तर ६ च्या पलीकडे, त्याहून मोठ्या शहराला ८. अंतर सरळ रेषेत, रस्त्याने नाही. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहर ४ लाख ६० हजारांचं होतं, म्हणून तिथे ६ किलोमीटर. भुसावळ, धुळे यांनाही ६. तुमचं शेत सीमेवर असेल तर अंतराचा दाखला आधी काढा आणि मग सौदा करा.

शहरालगतचं शेत, प्लॉट, घर विकलंत तर घेणाऱ्याने तुमच्या पूर्ण विक्री रकमेवर टीडीएस कापायचा असतो, नफ्यावर नाही. दोन वर्षांहून जास्त ठेवलेल्या मालमत्तेवर दर १२.५ टक्के आणि वर अधिभार-सेस. विक्रेता इथलाच असला की ५० लाखांच्या वर १ टक्का कापतात, तोच आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसलेला असतो. घेणाऱ्याने १ टक्काच कापला की नोटीस त्याला जाते, आणि मग तो रात्री तुमच्या वडिलांच्या दारात येतो. नफा कमी असेल तर आयकर खात्याकडे कमी दराने कापण्याचा दाखला मागता येतो. विसार घेण्याआधी अर्ज करा, दाखला यायला आठवडे जातात. महागाईच्या निर्देशांकाचा जुना पर्याय २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या मालमत्तेसाठी निवासींना अजून आहे, अनिवासींना नाही.

भाड्यालाही हेच. अनिवासी मालकाच्या गाळ्याचा भाडेकरू ३१.२ टक्के कापायला बांधील आहे, भाडं वडिलांच्या हातात रोख देत असला तरी.

सह्यांसाठी कुलमुखत्यारपत्र लागेल. तिकडे भारतीय दूतावासासमोर सही करा किंवा तिथल्या नोटरीकडून करून अपोस्टिल (कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा शिक्का) लावा, मात्र युएई अपोस्टिलच्या करारात नाही, तिथून दूतावासच. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून ३ महिन्यांत इथलं मुद्रांक शुल्क भरा. ‘सर्व अधिकार’ देऊ नका, गट क्रमांक आणि काम लिहून द्या. भाऊ सख्खा असला तरी.

तिकडचा कर

आखातात पगारावर कर नाही हे अजून खरं आहे. फक्त ओमानने २०२८ पासून वर्षाला ४२,००० रियालांच्या वरच्या उत्पन्नावर ५ टक्के कर ठरवला आहे, तेवढी कमाई असणाऱ्यांनी लक्ष ठेवा. युएईत व्हॅट ५ टक्के, सौदीत १५. नोकरीचा करार अरबी आणि तुम्हाला समजणाऱ्या भाषेत, दोन्हीत मागा. युएईत भरतीचा आणि व्हिसाचा खर्च मालकाचा असतो आणि पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं बेकायदा आहे. ग्रॅच्युइटी मूळ पगारावर निघते, पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवसांची, पुढे ३० दिवसांची. मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त दाखवले असतील तर ही रक्कम बारीक होते, ऑफर लेटर वाचताना तेच बघा. बायकोने घरून डबे सुरू केले तर त्यालाही परवाना लागतो.

जर्मनीत घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते. त्यात धर्माचा रकाना असतो. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं तर आयकरावर ८-९ टक्के चर्चचा कर लागतो, आपल्याला तो लागत नाही. नंतर टीव्ही असो-नसो, घरटी महिना १८.३६ युरोचं रेडिओ-टीव्ही शुल्क येतं. ते फसवणुकीचं पत्र नाही, भरा. विद्यार्थ्यांना वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. कंपनीने भारतातून पाठवलं असेल तर ईपीएफओकडून, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयातून, दाखला घ्या. २०१७ पासून दोन्ही देशांत सामाजिक सुरक्षेचा करार आहे, दोनदा पेन्शन कापली जात नाही. अमेरिकेशी असा करार नाही.

अमेरिकेत ‘आपलंच शे’ सगळ्यात महाग पडतं. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेला तिथला कर-निवासी झाला की जगभरातलं उत्पन्न तिकडे दाखवायचं. इथे करमुक्त असलेलं केळीचं उत्पन्नही तिकडे करमुक्त नाही. आणि तुमची सगळी परदेशी खाती मिळून वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी एफबार नावाचा फॉर्म भरावा लागतो. यात वडिलांच्या खात्यावरचं तुमचं दुसरं नावही मोजलं जातं, त्यातला एक रुपयाही तुमचा नसला तरी. म्हणून निघण्याआधी वडिलांची पासबुकं एकदा चाळा. नाव काढायचं, का ठेवून दरवर्षी कळवायचं, ते ठरवा.

धंदा करायला जाणाऱ्यांसाठी

केळीचा रीफर (थंड ठेवणारा) कंटेनर दुबईला पाठवणारे आता बरेच आहेत. पुढची पायरी म्हणून तिथे कंपनी काढतात. २०२१ पासून फ्री झोनच्या (परदेशी कंपन्यांसाठी राखलेल्या सवलतीच्या क्षेत्रांच्या) बाहेरही बहुतेक धंद्यांत शंभर टक्के मालकी मिळते, स्थानिक भागीदार लागत नाही. जून २०२३ पासून ३,७५,००० दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के कर आहे. फ्री झोनमध्ये कर शून्य असं एजंट सांगतो, पण तो ठरावीक उत्पन्नालाच शून्य आहे, आणि नोंदणी व विवरणपत्र सगळ्यांनाच लागतं. उशिरा नोंदणीचा दंड १०,००० दिरहम. उलाढाल ३,७५,००० दिरहम झाली की व्हॅटची नोंदणी, आणि फळांवरही ५ टक्के आहे.

तुम्ही रावेरलाच राहून दुबईत कंपनी काढत असाल तर पैसे बँकेच्या रस्त्याने, परदेशी गुंतवणुकीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे जायला हवेत. व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत अहवाल द्यायचा. बँकेला न सांगता केळीच्या बिलाचे पैसे तिकडेच ठेवून त्यातून कंपनी उभी केली तर निर्यातीची आणि गुंतवणुकीची अशी दोन प्रकरणं होतात. शिवाय कंपनीचे सगळे निर्णय जळगावात बसून घेतले तर भारत तिला भारतीय कंपनी धरू शकतो. ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना तूर्त ही भीती नाही.

परत येताना

कायमचं परत आलात की पहिली दोन, कधी तीन वर्षं तुम्ही ‘निवासी, पण सामान्य निवासी नाही’ या मधल्या खोलीत राहता. मागच्या १० पैकी ९ वर्षं अनिवासी असलात, किंवा मागच्या ७ वर्षांत ७२९ दिवसांहून जास्त भारतात नसलात, तर ही खोली मिळते. त्या काळात परदेशातल्या व्याज-भाड्यावर इथे कर नाही. तिकडची ठेव, शेअर, घर यांचं काय करायचं ते याच काळात उरका.

ती मुदत संपली की परदेशातलं प्रत्येक खातं विवरणपत्रात दाखवावं लागतं, शिल्लक शून्य असली तरी. न दाखवल्याचा दंड १० लाख रुपये. २०२४ च्या ऑक्टोबरपासून घर-जमीन सोडून बाकी मालमत्ता २० लाखांपर्यंत असेल तर त्या दंडातून सूट आहे. शंभरावर देश एकमेकांना खात्यांची माहिती पाठवतात, त्यामुळे विसरलेलं खातं त्यांना आधी आठवतं.

एनआरओ, एनआरई पुन्हा साधी करून घ्या. डॉलर डॉलरमध्येच ठेवायचे असतील तर आरएफसी, म्हणजे परत आलेल्यांचं परकी चलनातलं खातं निघतं. आणि पासपोर्ट नवा काढाल तेव्हा जुना फेकू नका. शिक्क्यांच्या प्रत्येक पानाचा फोटो, विमानाच्या तिकिटांसकट, एका फोल्डरात ठेवा. दिवस मोजायला मी तेच मागतो, आणि आयकर खातंही.